बागवान डॉ. विल्यम कॅरी

थंडीचे दिवस सुरू झाले म्हणजे आमच्या छत्रपती संभाजीनगरातील रोपवाटिकांत जिरेनियमच्या कुंड्या विकावयास येतात. तांबड्या, गुलाबी व पांढऱ्या फुलांचे ते गुच्छ पाहून मन मोहून जाते आणि पुष्कळ कुटुंबांत हौसेने एखादी कुंडी घरी आणली जाते. शिमग्यापर्यंत झाड डौलाने फुलते. वैशाखाच्या उन्हात ते म्लान होते. आणि मृगाच्या दोनचार सरी अंगावर पडल्या की मुळाशी कुजून नाहीसे होते. पुस्तकात तर ते बहुवर्षायु म्हणून सांगितलेले असते. मग जे झाड आपल्या मुलखात वर्षानुवर्षे जगते, ते आमच्या अंगणात एक वर्षही का पुरे करीत नाही? आणि ते टिकावयाचेच नसेल, तर त्याच्या मागे लागण्यात अर्थ तो काय?

ह्या प्रश्नाचे उत्तर बागकामाच्या पुस्तकांत सापडते, तसेच ते एका थोर पुरुषाच्या चरित्रातही सापडते. हे पुरुष म्हणजे डॉ. विल्यम कॅरी. इंग्रजीतून मराठीचे व्याकरण लिहिणारे, मराठीचा कोश छापणारे आणि पवित्र शास्त्राची अनेक देशी भाषांत भाषांतरे करणारे पंडित म्हणून त्यांचे नाव आमच्या वाचकांनी ऐकलेच असेल. परंतु हे पंडित जन्मभर हाडाचे बागवान होते, ही गोष्ट तितकीशी सांगितली जात नाही. म्हणून आज आम्ही त्यांचे चरित्र त्यांच्या बागेच्या दाराने आत शिरून सांगणार आहोत.

विल्यम कॅरी यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडातील नॉर्दॅम्प्टनशायर परगण्यात पॉलर्सपरी नावाच्या खेडेगावी झाला. वडील एडमंड हे हातमागावर कापड विणीत. पुढे ते गावच्या शाळेचे मास्तर झाले. घरची स्थिती गरिबीचीच होती. त्यांचे चुलते पीटर हे सैन्याबरोबर कॅनडात राहून परत आलेले असून गावात माळीकाम करीत. ह्या चुलत्यांच्या तोंडून मुलाने दूरदेशच्या हकिकती ऐकल्या आणि त्यांच्या हाताखाली रोपे लावण्याची विद्याही घेतली. विल्यमच्या निजावयाच्या खोलीत कोपऱ्याकोपऱ्यात किडे, पक्षी व रानातून आणलेली झाडे यांचा संग्रह असे. कुंपणाच्या कडेने चालताना तो एकही झुडूप न्याहाळल्यावाचून पुढे जात नसे.

असा मुलगा माळीच व्हावयाचा. परंतु त्याला लहानपणीच त्वचेचा एक विकार जडला. उन्हात थोडा वेळ काम केले तरी अंगाची आग होई व रात्री झोप येत नसे. शेतकाम त्याने करून पाहिले, पण ते झेपेना. तेव्हा वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्यास सावलीत बसून करण्याच्या धंद्यास लावण्यात आले. तो धंदा चांभाराचा. ज्या मुलास इंग्लंडातील कोवळे ऊन सोसत नव्हते, त्याने पुढे बंगालच्या उन्हात चाळीस वर्षांहून अधिक काळ काढला, हे मनात ठेवावयास हवे.

जोडे शिवता शिवता कॅरी यांनी लॅटिन, ग्रीक व हिब्रू ह्या भाषा हस्तगत केल्या. मोल्टन गावी ते शाळा चालवीत, जोडेही शिवीत आणि उपासनाही चालवीत. कागद चिकटवून केलेला जगाचा एक मोठा नकाशा त्यांनी भिंतीवर लावला होता. कॅप्टन कुक यांच्या सफरींची वर्णने वाचून दूरदूरच्या देशांविषयीची माहिती ते त्या नकाशावर टिपून ठेवीत. लेस्टर शहरी राहावयास गेल्यावर त्यांनी लहानशा जागेत बाग केली. इ. स. १७९२ मध्ये त्यांच्या खटपटीने परदेशी सुवार्ता पाठविणारी एक मंडळी स्थापन झाली आणि दुसऱ्याच वर्षी, १३ जून १७९३ रोजी, ते स्वतः सहकुटुंब एका डॅनिश जहाजातून हिंदुस्थानास निघाले. पाच महिन्यांच्या प्रवासानंतर ११ नोव्हेंबरला ते कलकत्त्यास पोहोचले. त्यानंतर मायदेशी ते एकदाही परत गेले नाहीत.

येथे एक दुःखाची गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे आम्हांस योग्य वाटत नाही. डॉ. कॅरी यांच्या पत्नी डॉरोथी यांना लिहितावाचता येत नव्हते. निघण्याच्या वेळी त्यांच्या कुशीत काही आठवड्यांचे मूल होते. येण्यास त्यांनी प्रथम नकारच दिला होता. अखेर धाकटी बहीण सोबत येणार म्हणून त्या कशाबशा तयार झाल्या. बंगालमध्ये आल्यावर पैशाची अडचण, सुंदरबनच्या रानातील वस्ती आणि आजार यांनी कुटुंबास घेरले. इ. स. १७९४ मध्ये माल्डाजवळ मुदनाबाटी येथे नीळ करण्याच्या कारखान्यावर कॅरी यांस काम मिळाले. परंतु त्याच वर्षी त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर मरण पावला. ह्या आघाताने डॉरोथीबाईंचे मन जे बिघडले ते पुन्हा ताळ्यावर आले नाही. इ. स. १८०७ मध्ये त्यांचे देहावसान होईपर्यंत सुमारे बारा वर्षे त्या त्याच स्थितीत होत्या. कॅरी यांनी त्यांस घरातच ठेवून सांभाळले. तथापि जी माणसे स्वतःच्या हौसेने नव्हे तर दुसऱ्याच्या निश्चयामुळे परक्या मातीत येतात, त्यांचा भार किती मोठा असतो, हे थोरांची चरित्रे वाचताना विसरू नये. एक झाड उपटून दुसरीकडे लावणे सोपे नाही. मनुष्य तर त्याहूनही नाजूक.

मुदनाबाटीस असतानाच त्यांनी विलायतेतील मित्रांस लिहून विळे, कोयते व नांगराचे सामान मागविले आणि भाजीपाला, फळझाडे व फुलझाडे यांचे बी दरवर्षी न चुकता पाठवावे अशी विनंती केली. ह्यात केवळ शौक नव्हता. भोवतालचा शेतकरी अर्धपोटी राहतो, त्याची अवजारे हलकी व बियाणे निकस, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. दिनाजपूर भागातील शेतीविषयी त्यांनी पुढे एक विस्तृत निबंध लिहिला आणि तो एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला.

इ. स. १८०० च्या जानेवारीत कॅरी हुगळी नदीच्या काठी सेरामपूर येथे राहावयास आले. ह्या गावास श्रीरामपूर असेही म्हणतात. आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूर ते हे नव्हे. ते गाव त्या काळी डेन्मार्कच्या ताब्यात होते. इंग्रज कंपनी आपल्या मुलखात मिशनऱ्यांस राहू देत नसे. डॅनिश गव्हर्नरांनी मात्र त्यांस आसरा दिला. मार्शमन व वॉर्ड हे दोघे सहकारी तेथे मिळाले. छापखाना सुरू झाला, शाळा निघाल्या आणि नदीकाठच्या जमिनीवर कॅरी यांनी आपल्या आयुष्यातील मोठी बाग आखली.

दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १८०१ मध्ये, त्यांस कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली व संस्कृत शिकविण्याचे काम मिळाले आणि १८०४ पासून मराठीही त्यांच्याकडे आली. महाराष्ट्राच्या मातीवर ज्यांचे पाऊल पडले नाही, त्यांनी वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण, १८१० मध्ये मोडी ठशांत छापलेला मराठी-इंग्रजी कोश आणि १८११ मध्ये मराठी नवा करार प्रसिद्ध केला. पुढे मुंबईकडे ह्याहून चांगली भाषांतरे झाली आणि १८३१ मध्ये मोल्सवर्थ यांचा मोठा कोश निघाल्यावर कॅरींचा कोश मागे पडला. परंतु पहिला पेरा करणाऱ्याचे ऋण पुढच्या पिकावर राहतेच. कॉलेजातून मिळणाऱ्या मोठ्या पगाराचा बहुतेक सर्व भाग ते मिशनच्या कामात घालीत.

आता त्यांच्या बागेत जाऊ. ही बाग सुमारे पाच एकरांची होती. लिनीअस ह्या स्वीडिश शास्त्रज्ञाने वनस्पतींचे जे वर्ग पाडले होते, त्या क्रमाने तीत वाफे घातलेले होते. म्हणजे बागेतून फिरणे हे एखादे शास्त्रीय पुस्तक वाचण्यासारखेच होते. पहाटे उठून डॉ. कॅरी प्रथम बागेत जात. प्रार्थना व चिंतन तेथेच होई. त्यानंतर पंडितांबरोबर भाषांतर, मुद्रिते तपासणे व शिकविणे ही दिवसाची कामे सुरू होत. बी व रोपे गोळा करण्यास त्यांनी एकही वाट सोडली नाही. त्यांचा मुलगा जेबेझ मोलुक्का बेटांत कामास गेला, तेव्हा तेथील झाडे कशी काढावी, कशी बांधावी आणि जहाजात कोठे टांगावी म्हणजे ती वाटेत मरणार नाहीत, हे त्यांनी त्यास पत्रांतून बारकाईने कळविले. शिकविलेला मुलगा दूरदेशी गेला म्हणजे बाप त्याच्याकडे पैशाची अपेक्षा करतो. ह्या बापाने झाडांची केली.

कलकत्त्याजवळ शिबपूर येथे कंपनीची मोठी वनस्पतिबाग होती. तिचे अधिकारी डॉ. विल्यम रॉक्सबर्ग हे कॅरींचे जिवलग स्नेही. रॉक्सबर्ग यांनी एका भारतीय वृक्षवर्गास आपल्या मित्राच्या नावावरून ‘कॅरेया’ असे नाव दिले. त्या वर्गातील एक वृक्ष आमच्या सह्याद्रीच्या रानांत सर्वत्र आढळतो. तो म्हणजे कुंभा. थंडीत त्याची पाने तांबूस होऊन गळतात आणि पुढे पांढऱ्या-गुलाबी केसरांची मोठी फुले रात्री उमलून सकाळी झाडाखाली पडलेली दिसतात. आमचे विद्यार्थी सहलीस जाऊन कुंभ्याखाली बसतील, तेव्हा शास्त्रज्ञांच्या दप्तरी त्या झाडाचे नाव एका चांभारावरून पडलेले आहे, हे त्यांनी ध्यानात आणावे.

त्यांचे दुसरे वनस्पतिज्ञ स्नेही नॅथॅनिएल वॉलिच. हे कोपनहेगनचे राहणारे. इ. स. १८०७ मध्ये सेरामपूरच्या डॅनिश वसाहतीचे सर्जन म्हणून आले आणि पुढे शिबपूरच्या बागेचे अधिकारी झाले. इ. स. १८२० व १८२१ मध्ये त्यांनी नेपाळात जाऊन तेथील वनस्पती जमविल्या. हिमालयात सात-आठ हजार फुटांवर व त्याहूनही उंच, जांभळट गुलाबी फुलांचे एक जिरेनियम उगवते; त्यास शास्त्रज्ञांनी वॉलिच यांचेच नाव दिले आहे. आज विलायतेतील हौशी लोक ते आपल्या बागांतून लावतात.

येथे जिरेनियमविषयी थोडा खुलासा केला पाहिजे, म्हणजे आरंभी काढलेल्या प्रश्नाचा उलगडा होईल. खरे जिरेनियम आणि आमच्या कुंड्यांत दिसणारे जिरेनियम ही दोन निराळी झाडे आहेत. लिनीअस यांनी १७५३ मध्ये दोहोंस एकाच वर्गात घातले होते. पुढे १७८९ मध्ये ती वेगळी करण्यात आली. तरी बाजारात जुने नावच राहिले. जिरेनियम हा शब्द करकोच्याच्या ग्रीक नावावरून आला आहे, कारण ह्या झाडाचे फळ करकोच्याच्या चोचीसारखे लांबट असते. फळ वाळले म्हणजे त्याच्या पाच फाका झटक्याने उलटतात आणि बी दूर फेकले जाते. खरे जिरेनियम थंड प्रदेशातील होय. हिवाळ्यात त्याची पाने मरून जातात, परंतु मूळ बर्फाखाली विसावा घेते आणि वसंत ऋतूत नवे अंकुर फोडते. तिकडे पाण्याचा निचरा होणाऱ्या जमिनीत त्याचे कंद-मूळ लावतात, पहिला बहर ओसरला की झाड खालून छाटतात म्हणजे पुन्हा फुलते, आणि तीन-चार वर्षांनी गड्डा खणून त्याचे भाग करून वाटतात.

आमच्या पठारावर ह्या मुळांस तो विसावा मिळत नाही. थंडी पडते, पण बर्फ नाही. मे महिन्यात उष्णमान ४० अंशांच्या वर जाते. आणि तापलेल्या मातीवर एकदम पावसाळा येतो. आमच्या शहरात वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांतच. काळी जमीन पाणी धरून ठेवते आणि मूळ गुदमरते. कुंडीतले जे जिरेनियम, त्याचे घर दक्षिण आफ्रिका. त्यास बर्फ लागत नाही, पण ओलाव्याचा त्यासही तितकाच तिटकारा. म्हणून ते आमच्या येथे थंडीत हसते आणि पावसात मरते. दोष झाडाचा नाही, माळ्याचाही नाही. ऋतूंचा क्रम निराळा, एवढेच.

हाच अनुभव डॉ. कॅरी यांस बंगालमध्ये एका लहानशा फुलाने दिला. इ. स. १८२१ च्या सुमारास इंग्लंडात शेफील्डजवळ राहणाऱ्या एका वनस्पतिज्ञ मित्राने त्यांस बियांची पेटी पाठविली. काही बिया मूळच्या मातीसकट एका पिशवीत होत्या. बिया काढून घेतल्यावर उरलेली माती फेकून देणे कॅरींच्या जिवावर आले. न जाणो, एखादा दाणा राहिला असेल! त्यांनी ती पिशवी एका सावलीच्या जागी झाडली. काही दिवसांनी पाहतात तो तेथे डेझीचे रोप उगवलेले. डेझी म्हणजे इंग्लंडच्या कुरणांत पायदळी तुडविले जाणारे गवतातले फूल. तेथे त्याची कोणास किंमत नाही. परंतु सुमारे तीस वर्षांत कॅरींनी ते पाहिले नव्हते आणि पुन्हा पाहावयास मिळेल अशी आशाही नव्हती. साठीच्या घरात आलेल्या त्या वृद्धास इतका आनंद झाला की, हिंदुस्थानात आल्यापासून एवढा निर्मळ आनंद आपणांस दुसऱ्या कशाने झाल्याचे आठवत नाही, अशा अर्थाचे त्यांनी मित्रास कळविले. ही हकिकत वाचून जेम्स मॉन्टगोमेरी ह्या कवीने त्या डेझीवर एक कविता लिहिली व ती पुष्कळ लोकप्रिय झाली.

परंतु आम्हांस ह्यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. डेझीच्या शास्त्रीय नावातच बहुवर्षायु ह्या अर्थाचा शब्द आहे. बंगालच्या हवेत मात्र ती बहुवर्षायु राहिली नाही, वर्षभराचीच झाली. मग डॉ. कॅरी यांनी काय केले? झाड मरणार म्हणून ते कष्टी होऊन बसले नाहीत. त्यांनी बी धरले, जपून ठेवले व पुढच्या हंगामात पेरले. त्याचेही बी धरले व पुन्हा पेरले. अशा रीतीने जे झाड मुळाने टिकत नव्हते ते त्यांनी हाताने टिकविले. अनुकूल मातीत झाड आपले आपण वर्षानुवर्षे जगते. प्रतिकूल मातीत त्याचे आयुष्य माळ्याच्या नेमाइतकेच असते.

आमच्या कुंडीतील जिरेनियमलाही हीच युक्ती लागू पडते. जुने झाड पावसातून वाचविण्याची पराकाष्ठा करण्यापेक्षा दरवर्षी त्याचे कलम करावे. थंडीच्या तोंडी किंवा फुले ओसरल्यावर, निरोगी फांदीचा तीन-चार इंच लांबीचा शेंडा पेऱ्याच्या खाली धारदार चाकूने कापावा. खालची पाने व कळ्या काढून टाकाव्या. कापलेले टोक सावलीत काही तास सुकू द्यावे, म्हणजे ते सडत नाही. मग निम्मी वाळू मिसळलेल्या मातीत ते खोचावे. कुंडीच्या भोकावर खापरीचे तुकडे घालून निचरा राखावा. वरची माती सुकल्यावरच पाणी द्यावे. प्रेमाने रोज पाणी घालणारे हातच ह्या झाडाचे वैरी होतात. थंडीत भरपूर ऊन आणि उन्हाळ्यात केवळ सकाळचे ऊन द्यावे. पावसाळ्यात कुंडी वळचणीच्या आत घ्यावी. एक कलम मेले तर दुसरे असावे म्हणून एकाऐवजी तीन-चार करावी आणि एक शेजाऱ्यास द्यावे. आपले गेले तर त्याच्याकडून परत आणता येते. आमचे शहर नहरींच्या पाण्यावर वाढलेले आहे. मलिक अंबरच्या काळापासून येथे जमिनीखालच्या नळांनी पाणी खेळविले गेले, आणि हिमायत बागेसारखी बाग आजही शहरात उभी आहे. कोरड्या मुलखात बाग राखणे ही निरंतर काळजीची गोष्ट आहे, हे येथील लोकांस नव्याने सांगणे नको.

डॉ. कॅरी यांचे सारे आयुष्यच पुन्हा पुन्हा पेरण्यात गेले. ११ मार्च १८१२ रोजी सेरामपूरच्या छापखान्यास आग लागली. अनेक भाषांचे ठसे, कागदांचे ढीग आणि वर्षानुवर्षे खपून केलेली व्याकरणांची व बहुभाषी कोशाची हस्तलिखिते रात्रीतून राख झाली. दुसऱ्या एखाद्याने हाय खाल्ली असती. कॅरी व त्यांचे सहकारी यांनी राखेतून वितळलेले शिसे वेचले, नवे खिळे ओतण्यास लगेच आरंभ केला आणि जळालेले ग्रंथ पुन्हा लिहावयास घेतले. दुसऱ्यांदा लिहिताना रस्ता ओळखीचा असतो, अशी त्यांची समजूत होती.

आगीनंतर दोनच वर्षांनी, १८१४ मध्ये, त्यांनी रॉक्सबर्ग यांनी केलेली शिबपूरच्या बागेतील झाडांची सूची छापून काढली. रॉक्सबर्ग तेव्हा आजारी होऊन मायदेशी गेले होते. त्यांच्या मृत्यूनंतर भारतीय वनस्पतींवरील त्यांचा मोठा ग्रंथही कॅरींनी संपादिला. त्याचा पहिला भाग १८२० मध्ये वॉलिच यांच्या पुरवणीसह निघाला आणि १८३२ मध्ये तो तीन भागांत पुन्हा प्रसिद्ध झाला. मित्राचे काम मित्राच्या नावाने पुरे करणे, हीदेखील एक प्रकारची पेरणीच होय. १८२० मध्येच त्यांच्या पुढाकाराने कलकत्त्यास शेती व बागाईत यांच्या सुधारणेसाठी एक संस्था स्थापन झाली. तीत युरोपियनांबरोबर ह्या देशच्या गृहस्थांनीही सभासद व्हावे, असा त्यांचा आग्रह होता. ती संस्था अलीपूर येथे आजही आहे. १८२३ मध्ये लंडनच्या लिनीअन सोसायटीने त्यांस आपले फेलो करून घेतले.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पाय घसरून डॉ. कॅरींच्या कमरेस मोठी दुखापत झाली व ते अंथरुणास खिळले. इतक्यात दामोदर नदीने बांध फोडले आणि सेरामपूर जलमय झाले. राहते घर सोडावे लागले, आणि वीस वर्षांहून अधिक काळ जमविलेली बाग पाण्याखाली गेली. दुर्मिळ झाडे बहुतेक सर्व नष्ट झाली. त्या वेळी त्यांचे वय ६२ वर्षांचे होते. ह्या वयात मनुष्य दुसऱ्याने लावलेल्या झाडाच्या सावलीत बसण्याची इच्छा करतो. ह्यांनी कुबड्या घेऊन चालता येऊ लागताच पुन्हा वाफे आखले आणि मित्रांस बियांसाठी पत्रे लिहिली. १८३१ मध्ये मोठे वादळ होऊन बागेतील थोरले वृक्ष कोसळले व त्यांखाली नाजूक झाडांचे रोपगृह चिरडले गेले. तेव्हाही त्यांनी उरलेसुरले सावरले.

आपल्या अंगी विशेष बुद्धी आहे असे डॉ. कॅरी कधीच मानीत नसत. आपणांस एकच गोष्ट साधते आणि ती म्हणजे हाती घेतलेले काम चिकाटीने रेटीत राहणे, असे ते म्हणत. आमच्या मते ते जे बोलत त्यात विनय होता, पण अतिशयोक्ती नव्हती. त्यांच्या बहुतेक कामांचे स्वरूप डेझीसारखेच होते. कोश मागे पडले, भाषांतरे पुढच्या विद्वानांनी पुन्हा केली, बाग पाण्याने नेली. त्यांचे एकही झाड त्या मातीत बेफिकीर सोडून देण्यासारखे नव्हते. त्यांनी ती दरवर्षी पेरली म्हणून ती जगली आणि तिचे बी दुसऱ्यांच्या हाती लागले.

शेवटच्या महिन्यांत चालवेनासे झाले, तेव्हा त्यांस चाकांच्या खुर्चीवर बसवून बागेत नेत. तेही बंद झाल्यावर मुख्य माळ्यास बिछान्यापाशी बोलावून ते एकेका झाडाची विचारपूस करीत. त्या दिवसांत एकच चिंता त्यांच्या मनात घर करून बसली होती : आपण गेल्यावर बागेत गुरे शिरतील. सहकारी मार्शमन यांस फुलझाडांची आवड नाही, हे ते जाणून होते. ही शंका कानी आल्यावर मार्शमन यांनी, मला तितकी आवड नसली तरी तुमची बाग मी पवित्र ठेव म्हणून राखीन, असे त्यांस वचन दिले. ९ जून १८३४ रोजी डॉ. कॅरी परलोकवासी झाले.

ती चिंता म्हाताऱ्याची भ्रमिष्ट चिंता नव्हती. माळ्याचा नेम सुटला की बाग एका ऋतूत रान होते, हे त्यांस इतर सर्वांपेक्षा चांगले ठाऊक होते. आमच्या विद्यार्थ्यांस आईबापांनी व शिक्षकांनी जे काही दिले आहे, त्यातही पुष्कळसे असेच आहे. भाषा, वाचनाची आवड, खरे बोलण्याची सवय, सकाळी वेळेवर उठणे, ह्यांपैकी एकही झाड एकदा लावून जन्मभर पुरत नाही. प्रत्येक वर्गात, प्रत्येक वर्षी, ते पुन्हा पेरावे लागते. बी मात्र जवळ असावे, आणि हंगाम आला म्हणजे हात मातीत घालण्याचा कंटाळा नसावा.